पुढचीच्या डोक्यावर हंडा

देसले बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "हंडा कुठं ठेवलास?"

मी खरंच खाली पाहिलं. शिक्षकांच्या खोलीतल्या फरशीवर माझी पर्स होती, डब्याची पिशवी होती, टेबलाखाली कुणाच्या तरी चपला होत्या. हंडा नव्हता. तासिका तत्त्वावर लागलेल्या शिक्षिकेनं येताना हंडा आणायची इथे पद्धत असेल आणि मला ती कुणी सांगितली नसेल, अशी शंका मला आली. ती मी कुणाला विचारली नाही. मी सहसा कुणाला काही विचारत नाही.

त्याआधी घडलं होतं ते एवढंच. एका सरांनी मी कोण म्हणून विचारलं आणि मी, समोरच्याला पुन्हा विचारावं लागेल अशा माझ्या नेहमीच्या आवाजात, "इंग्लिश टीचर" असं म्हटलं. घाबरले की माझा आवाज शेवटच्या शब्दावर जाऊन आदळतो. सगळं वजन 'टीचर'वर पडलं आणि बाईंनी ते पकडलं. "टीचरवर ठेवलास हंडा," त्या म्हणाल्या. "म्हंजे तू विलायतेची झालीस. रंगानं तर आपल्यातलीच दिसतेस."

खोलीतले बाकीचे सर हसले. ते हसू माझ्यावर नव्हतं, हा विनोद त्यांनी पुष्कळदा ऐकलेला होता. बाईंनी माझा हात धरून मला खिडकीपाशी नेलं. बाहेर शेताच्या बांधावरून दोघीजणी पाणी घेऊन येत होत्या. बांध अरुंद, म्हणून एकीमागे एक. पुढे आई, डोक्यावर हंडा. मागे तिची लेक, कमरेवर कळशी. "हे बघ. ही तुझी जोडशब्दाची व्याख्या," बाई म्हणाल्या. "दोन शब्द एका बांधावरून चालले, की पुढचीच्या डोक्यावर हंडा, मागचीच्या कमरेवर कळशी. इंग्लिश पुढं, टीचर मागं. इंग्लिशवर वजन दिलंस तर तू इंग्लिश शिकवणारी. टीचरवर दिलंस तर तू गोरी मडम. आता सांग, कोण तू?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी हंडा पुढे होता. बाई म्हणाल्या, "आता वळखलं."

आमची शाळा टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडी आत होती. मी शहापूरची. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी, आणि दोन्हीकडे गप्प बसायची सवय. नोकरी लागली म्हणून मुरबाडला खोली घेतली आणि रोज जीपनं ये-जा करू लागले. जीपमध्ये सगळे एकमेकांशी बोलत. मी खिडकीकडची जागा धरून बाहेर बघत बसे. ड्रायव्हरनं एकदा दुसऱ्या एका बाईंना विचारलं होतं, ही मुकी आहे काय. मला ऐकू आलं होतं. मी काही बोलले नव्हते.

देसले बाई मूळच्या टोकावड्याच्याच. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. ठेंगण्या, रुंद, चालताना जमिनीला सांगून चालल्यासारख्या. मी इंग्रजी माध्यमात बारा वर्षं काढली, पण शब्दाचं वजन कुठे पडतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप तोंडात बसलेलं होतं, आणि जे आपोआप बसतं ते दुसऱ्याला देता येत नाही. बाईंचं उलट होतं. त्यांना प्रत्येक शब्दाचा हंडा माहीत होता, पण तोंड टोकावड्याचं होतं. शाळेला त्या 'इस्कूल' म्हणत आणि धबधब्याला 'व्हाटरफाल'. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची वाटणी करून टाकली. "डोकं माझं, तोंड तुझं," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून एक मास्तरीण व्हतेय काय बघू."

मग त्यांच्या तासाला मी दाराशी उभी राहू लागले. त्या फळ्यावर शब्द लिहीत आणि माझ्याकडे बघत. मी शब्द उच्चारे. पोरं तो म्हणत. मागच्या बाकांपर्यंत माझा आवाज जात नसे आणि मागची पोरं तितक्याच बारीक आवाजात माझी नक्कल करत. बाई त्यांना दटावत नसत. त्या माझ्याकडे बघून म्हणत, "ऐकलंस? तू दिलंस तेवढंच त्यांना मिळालं."

बाईंच्या वर्गात शब्द फोडायचा एक क्रम होता. आधी कूड, मग पेरं, मग हंडा. कूड म्हणजे दोन शब्दांच्या मधली भिंत, आमच्याकडे घरांना कारवीच्या काड्यांची शेणानं सारवलेली असते तशी. ती पहिली शोधायची. मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत शब्दाचे तुकडे मोजायचे, बाया हिशेब करताना मोजतात तसे. 'वॉटरफॉल' म्हणजे वॉ, टर, फॉल. एका बोटाची तीन पेरं, बोट संपलं, शब्द संपला. आणि शेवटी हंडा ठेवायचा. त्यासाठी कपाटात खराखुरा हंडा होता, बाईंच्या घरचा, पितळी, एका बाजूनं चेपलेला, आणि एक कळशी. दोन मुलं पुढे येऊन दोन शब्द व्हायची. एकदा 'फूट' झालेल्या मुलानं डोक्यावर हंडा घ्यायला नकार दिला. म्हणाला, बाई, हंडा बायांचा. बाईंनी विचारलं, "पानी काय निस्त्या बायाच पितात रे?" आणि हंडा त्याच्या डोक्यावर ठेवला. तो 'फूट', मागे कळशीवाला 'पाथ', अशी दोघांची वर्गातून फेरी झाली. त्यानंतर हंड्यासाठी पोरांत मारामाऱ्या होत.

बाईंचं सगळ्यात मोठं वाक्य मात्र मला अजून पुस्तकात सापडलेलं नाही. कुणीतरी विचारलं होतं की इंग्रजीला हे वजनाचं झेंगट लागतंच कशाला, मराठीत तर लागत नाही. बाई फळ्याशी थांबल्या. "आपल्याकडं 'इंग्लिश बाई' येगळी आन 'इंग्लिशची बाई' येगळी," त्या म्हणाल्या. "मधी 'ची' हाय. त्या 'ची'नं काम भागतं. त्यांच्याकडं बिचाऱ्यांकडं 'ची' नाय. मंग ते काय करतात? आवाज जड करतात." असं म्हणून त्यांनी दुसरं उदाहरण दिलं. मुरबाडकडे फुलांची शेती करायला प्लास्टिकचं मोठं छप्पर घालतात, ते ग्रीनहाऊस. त्यात हंडा पुढचीवर. आणि गावच्या सरपंचांनी त्या वर्षी घराला हिरवा रंग दिला होता, तेही ग्रीन हाऊसच. पण तिथे पुढची नुसती रंग सांगायला आलेली, रिकाम्या हातानं. हंडा मागचीवर. "एकात गुलाब लागतो, दुसऱ्यात सरपंच," बाई म्हणाल्या. "गल्लत करू नका, सरपंच रागावतील."

अपवादही होते. 'मुरबाड रोड' म्हणताना हंडा मागे 'रोड'वर जातो. का, म्हणून पोरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "रस्त्यात खड्डे हायेत. पुढची म्हनली, माझ्यानं नाय व्हायचं, तूच घे." त्याहून चांगलं कारण मला आजही देता येत नाही.

रोशनी आमच्या तासात ठळक झाली ती एका चुकीमुळे. ती डोंगराकडच्या वाडीतली. दिवाळीनंतर तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जात आणि ती मावशीकडे राहून मावशीच्या शेळ्या सांभाळून शाळेत येई. धडा वाचताना ती एका शब्दाशी अडली आणि मग धीर करून म्हणाली, "गोथर्ड."

बाईंनी चष्मा वर केला. "गोथर्ड? ह्यो कोन गो? नवीन पावना आलाय काय गावात?"

वर्ग हसला. रोशनी हसली नाही, पुस्तकाकडे बघत राहिली. बाई तिच्या बाकापाशी गेल्या आणि त्या शब्दावर मधोमध आपलं बोट आडवं ठेवलं. बोटाच्या एका बाजूला 'गोट' उरलं, दुसऱ्या बाजूला 'हर्ड'. "हा एच लई चिकटू," बाई म्हणाल्या. "टीच्या शेजारी बसला की थ व्हतो, पीच्या शेजारी फ. पन मधी कूड हाय ना? कुडापलीकडचा कुडाअलीकडचीशी लगीन लावील काय? आता वाच."

"गोट. हर्ड." रोशनीनं अंगठा पेरांवर ठेवला. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "शेळ्यावाली? बाई, म्हंजे ह्यो शब्द माझाच हाय काय?"

"तुझाच. तुझ्याच अंगनात तू सोताला वळखत नव्हतीस."

त्या दिवसापासून ती कुडांच्या मागे लागली. 'पोथोल' म्हणून वाचलेला शब्द 'पॉट-होल' निघाला, म्हणजे आमच्या रस्त्यावरचा खड्डा. 'ग्रासशॉपर'ला ती गवत विकत घेणारा समजत होती, तो नाकतोडा निघाला. तिला वाटे, हे शब्द मुद्दाम दडून बसलेत आणि आपण त्यांना कुडाआडून बाहेर काढतोय. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे येई आणि मला शब्द म्हणायला लावी. एकदा म्हणाली, मॅडम, तुमचा आवाज शेळीपर्यंत पण नाय जायचा. मग तिनं मला मैदानाच्या कडेला नेलं आणि शेळ्यांना हाळी कशी घालतात ते दाखवलं. घशातून नाही, पोटातून. समोरच्या चिंचेवर आवाज फेकायचा आणि तो परत येतो का बघायचं. मी इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून 'वॉटरफॉल' अशी हाळी घातली. चिंचेवरचे बगळे उठले. वळून बघते तर शाळेच्या व्हरांड्यात देसले बाई उभ्या.  डोक्यावर हंडा असल्यासारखा हात धरून त्यांनी मान डोलावली. हंडा बरोबर होता.

डिसेंबरात इंग्रजी वाचनाच्या स्पर्धेचं पत्रक आलं. जिल्हाभरातल्या शाळा, माध्यम कुठलंही, उतारा विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेला. आमच्या शाळेतून त्या स्पर्धेला कधीच कुणी गेलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, आपली पोरं कबड्डीत नंबर काढतात, तिकडे पाठवू, इंग्रजीत उगाच हसं कशाला करून घ्यायचं. ते वाईट हेतूनं म्हणाले नव्हते. पण 'हसं' हा शब्द आला आणि बाईंचा चेहरा मिटला. मी तो तसा कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "रोशनीचं नाव लिवा सर. हसं झालंच तर माझं व्हईल. मी तर जातेच हाय एप्रिलात."

त्या संध्याकाळी रस्त्यावर माझ्याबरोबर जीपची वाट बघताना त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. नवीन नवीन लागल्या होत्या तेव्हा एका मोठ्या शहरात प्रशिक्षणाला गेलेल्या. उभं राहून पान वाचायला सांगितलं. पहिल्याच ओळीत शाळेचं दप्तर आलं, बाई 'इस्कूलब्याग' म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतून हसू सुरू झालं ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं. "मग काय केलंत?" मी विचारलं. "पान पुरं केलं," बाई म्हणाल्या. "आन बसले."

पण त्याच दिवशी चहाच्या रांगेत त्यांना एक अनोळखी बाई भेटल्या. देसले बाईंनी त्यांना शब्दकोशातल्या एका बारीक उभ्या रेघेबद्दल विचारलं. ती रेघ शब्दाच्या डोक्यावर कधी इथे असते, कधी तिथे. एका मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं की ती छापखान्याची चूक. चहाच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, चूक नाही, तिथे वजन द्यायचं. "घरी येऊन मी अख्खा शब्दकोश उघडून बसले," देसले बाई म्हणाल्या. "बघते तर काय, जिकडं तिकडं हंडे ठेवलेले. हसणारे पुढच्या रांगेत व्हते, सांगणारी चहाच्या रांगेत भेटली. नशीब बघ."

जीप आली. मी चढत असताना त्या खालून म्हणाल्या, "मला नंबर नको गो पोरी. आपलं पोर तिथं उभं राहील, इंग्लिश वाचील, आन कुनी हसनार नाय. येवढं एक बघायचं हाय मला."

रोशनीचा उतारा होता वाडीपासून शाळेपर्यंतच्या वाटेबद्दल. फूटपाथ, वॉटरफॉल, ग्रासहॉपर, बस स्टॉप, पॉटहोल, सगळे तिनं स्वतः कुडाआडून काढलेले. बाईंनी एकही ओळ बदलली नाही. फक्त हंडे तपासले. महिनाभर आम्ही तिघी रोज मैदानावर उभ्या राहत होतो. रोशनी चिंचेकडे तोंड करून वाचे, मी तोंड दुरुस्त करी, बाई डोळे मिटून ऐकत आणि कुठे वजन घसरलं की नुसत्या म्हणत, "सांडलं."

स्पर्धा शहापूरला होती, मी जिथे शिकले त्याच शाळेच्या सभागृहात. हे मला आदल्या दिवशी कळलं. त्या सभागृहात मी शाळेची सगळी वर्षं शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते आणि मंचावर एकदाही गेले नव्हते. आम्ही एसटीनं पोचलो तेव्हा टाय लावलेली मुलं कागद हातात घेऊन भिंतीशी पुटपुटत होती. रोशनीच्या वेण्यांना लाल रिबिनी होत्या. तिनं हातात कागद घेतलेला नव्हता. ती बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत होती.

पहिली दोन-तीन मुलं फार छान वाचून गेली. बाई ऐकत होत्या. मग एकदम उठल्या आणि म्हणाल्या, मला नाय बघवायचं, तू बस. बाहेर चपला काढून ठेवल्या होत्या तिथे पायरीवर, सभागृहाकडे पाठ करून त्या बसल्या. मी जुन्या सवयीनं शेवटून दुसऱ्या रांगेत बसले.

रोशनीचं नाव पुकारलं. माईक तिच्या कपाळाला लागत होता. एका शिक्षकांनी तो खाली करायला हात घातला, पण तिनं मान हलवली आणि माईकच्या बाजूला येऊन उभी राहिली. मागच्या भिंतीवर टांगलेल्या घड्याळाकडे तिनं पाहिलं. मला कळलं, ती चिंच शोधतेय.

आणि तिनं सुरुवात केली ती उताऱ्यानं नाहीच. आमच्या तालमीत नसलेलं, तिनं मनातच ठेवलेलं काहीतरी होतं ते. ती म्हणाली, "माय टीचर इज ॲन इंग्लिश टीचर." थांबली. "शी इज नॉट ॲन इंग्लिश टीचर." पुन्हा थांबली. "शी इज फ्रॉम टोकावडे."

कागदावर ही दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात. माझी बाई इंग्लिश टीचर आहे, माझी बाई इंग्लिश टीचर नाही. पण त्या सभागृहात ती कागदावर नव्हती. पहिल्या वाक्यात हंडा 'इंग्लिश'वर होता. दुसऱ्यात तो, एक थेंब न सांडता, मागच्या 'टीचर'वर गेला होता. माझी बाई इंग्लिश शिकवते, माझी बाई गोरी नाही, ती टोकावड्याची आहे.  मग पुढच्या रांगेत बसलेल्या परीक्षक बाईंना हसू आलं, त्यांच्या मागच्या शिक्षकांना आलं, मग टाय लावलेल्या मुलांना, आणि ते हसू मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

मला बाईंची पाठ आठवली.

मी उठले. सभागृहाच्या मधल्या वाटेनं, भरल्या रांगांमधून, सगळ्यांसमोरून मी बाहेर धावले. शाळेच्या सगळ्या वर्षांत मी त्या वाटेनं कधी चाललेसुद्धा नव्हते. बाई पायरीवर तशाच बसल्या होत्या, फक्त पदराचं टोक मुठीत धरलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हसले."

"हसले बाई," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "पण जिथं हसायचं तिथंच हसले. तुमचा विनोद सांगितला तिनं. इंग्लिश टीचरचा."

बाई वळल्या. "इंग्लिशमदी सांगितला?"

"इंग्लिशमध्ये."

"मंग दुसऱ्या वाक्यात हंडा?"

"मागचीवर. सगळ्यांना कळला."

बाईंनी मुठीतला पदर सोडला. आत हसू ओसरलं होतं आणि रोशनीचा आवाज येत होता, पोटातून काढलेला, माईकशिवाय पायरीपर्यंत पोचणारा. ती आपल्या वाटेवरून निघाली होती. 'गोटहर्ड' आलं, मधे स्वच्छ कूड घालून आलं. बाई उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. पाठ करून नाही. शेवटपर्यंत तिथेच उभ्या होत्या, आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून रोशनीबरोबर चालत होता. या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या त्या मात्र सगळ्यांत लांबल्या.

नंतर परीक्षक बाई स्वतः शोधत आल्या. कडक इस्त्रीची साडी, अतिशय सुंदर इंग्रजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी देसले बाईंकडे पाहिलं. त्यांना कळलं. बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सो, यू आर द इंग्लिश टीचर?"

"येस," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या बराच वेळ मराठीतच बोलल्या, आणि परीक्षक बाईही. त्या गेल्यावर बाई माझ्या कानाशी आल्या. "हंडा बरोबर व्हता गो त्यांचा," त्या म्हणाल्या.

रोशनीचा दुसरा नंबर आला. परतीच्या एसटीत ती ढाल मांडीवर घेऊन बसली होती आणि ढालीवरचे इंग्रजी शब्द फोडून बघत होती. नंबर दुसराच आला म्हणून तिला जरा वाईट वाटत असावं. बाई म्हणाल्या, "दुसरा म्हंजे मागचीचा. कळशी मिळाली. हंडा पुढल्या साली आनायचा." कंडक्टरनं तिकिटं देताना ढाल कसली म्हणून विचारलं. बाईंनी त्याला सुरुवातीपासून सांगायला घेतलं. किन्हवलीच्या पुढे गेलो तरी ते संपलं नव्हतं, आणि आजूबाजूची माणसं सीटवरून वळून ऐकत होती. खड्डा आला की बाई म्हणत, पॉटहोल, आणि मागून कुणीतरी विचारी, हंडा कुठं बाई? तोवर अख्ख्या गाडीला ते कळलेलं होतं.

एप्रिलात बाई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी केलं नाही. म्हणाल्या, मी आयुष्यभर बोललेय, आता ऐकते. मुलांनी एकेक शब्द म्हटला, आपापल्या आवडीचा. रोशनी शेवटी उठली आणि 'ग्रँडमदर' म्हणाली, तीन पेरांत, हंडा पहिल्यावर. बाईंनी तेवढ्यापुरते डोळे पुसले.

सगळं आटपल्यावर त्या वर्गात गेल्या आणि कपाटातून हंडा-कळशी काढली. मला वाटलं, घरी नेणार. कळशी त्यांनी स्वतःच्या कमरेवर घेतली. हंडा उचलून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बाई, हा तुमच्या घरचा आहे. त्या म्हणाल्या, "पुढचीच्या डोक्यावर हंडा. इसरलीस काय?"

"पण पुढच्या तुम्ही ना?"

"व्हते," बाई म्हणाल्या. "आता पुढची तू."

आणि बांधावरून टोकावड्याच्या दिशेनं चालायला लागल्या, कमरेवर कळशी, रिकामी असूनही भरल्यासारखी धरलेली.

मी हंडा घेऊन रस्त्यावर आले. सुट्टीत घासून, चेपलेला भाग ठोकून घ्यायचा होता. जून उजाडला की पुन्हा लागणार होता तो. जीप आली. मी खिडकीकडे न जाता मधे बसले, हंडा मांडीवर. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय मॅडम, मुरबाडात पानी नाय काय?

जीपमधली माणसं हसली. मी आरशातल्या त्याच्याकडे पाहिलं आणि पोटातून, समोरच्या काचेवर आदळून परत येईल अशा आवाजात सांगितलं, "पाणी आहे. हा शाळेचा हंडा आहे. मी इंग्लिशची बाई आहे."